सीपी चेअर गाडीत नको

सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेलं मूल ज्या घरात आहे, तिथे बहुधा एक सीपी चेअर, म्हणजे अशा मुलाला आधार देऊन बसवायची खुर्ची दिसते. अपंगांना साधनं देणाऱ्या सरकारी एडिप योजनेच्या शिबिरात मिळालेली, नाहीतर थेरपिस्टनं मापं दिल्यावर सुताराकडून करून घेतलेली. तिच्यात बसवलं की मान सावरते, हात मोकळे होतात, घास नीट भरवता येतो. मग सोलापूरहून पुण्याला तपासणीला निघताना हीच खुर्ची गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून ओढणीनं आवळली जाते. ही खुर्ची मुलाला बसतं ठेवायला केलेली असते, धडकेत थांबवायला नव्हे. तिचे वेल्क्रोचे पट्टे मुलाचं एरवीचं वजन पेलतात, पण धडकेतला जोर त्याच्या कितीतरी पट असतो.

किती पट, हे शाळेतल्या गणितानं काढता येतं. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. या वेगानं आदळणं म्हणजे साधारण 10 मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणं. गाडीचा पुढचा भाग चेपत ती अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर 15 किलोच्या मुलाला थांबवायला जवळजवळ 300 किलो वजनाइतका जोर लागतो. ‘मी धरते की घट्ट, कुठं जातंय ते?’ असं म्हणणारी आई कितीही खमकी असली तरी तिचे हात इथे पुरणार नाहीत. शिवाय पुणे रस्त्याला 50 नं कोण जातं? वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते.

कार सीट, म्हणजे गाडीच्या सीटवर बसवायची मुलांची वेगळी सीट, हा जोर शरीराच्या मजबूत हाडांवर वाटून देते. दोन खांद्यांवर, दोन कमरेशी आणि एक पायांच्या मधून, असे पाच ठिकाणचे पट्टे त्यासाठीच असतात. मागे तोंड करून बसवलेल्या मुलाला तर सीटची सगळी पाठ आधार देते. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड, मान कोवळी. त्यात स्नायू सैल असतील, किंवा डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा ढिला असेल, तर पुढे तोंड असताना बसलेला हिसका फार महागात पडतो. म्हणून सीटवर लिहिलेली उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवावं. पाय दुमडले तर दुमडू द्यावेत. मात्र अशी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही लावू नये.

अपंग मुलासाठी महागडी ‘स्पेशल’ सीटच लागते, हा समज बऱ्याचदा चुकीचा ठरतो. साधी सीट पुष्कळांना चालते. फक्त तिचे पट्टे जास्त वजनापर्यंत चालणारे हवेत, ती थोडी मागे कलणारी हवी आणि तिच्यावर एआयएस-072 (भारतीय), आर-44 किंवा आर-129 (संयुक्त राष्ट्रांची) यांपैकी एका सुरक्षा मानकाची खूण हवी. निवड वयावरून किंवा आजाराच्या नावावरून न करता अंगावरून करावी: मान किती सावरते, धड कुठे कलतं, पाय किती फाकतात. नितंबापासून पायांपर्यंत प्लास्टर असेल तर कडा उंच असलेल्या सीटमध्ये मूल मावतच नाही. गळ्यात श्वासासाठी नळी बसवलेली असेल तर छातीपुढे आडवं कवच येणारी सीट नको.

धड एका बाजूला कलत असेल तर उपाय सोलापूरच्या घराघरात आहे. टॉवेलची गुंडाळी करून डोक्याच्या आणि धडाच्या दोन्ही बाजूंना लावावी. मूल पुढे घसरत असेल तर एक छोटी गुंडाळी मांड्यांमधला पट्टा आणि अंग यांच्या मध्ये ठेवावी. पाठीमागे, बुडाखाली किंवा बाकीच्या पट्ट्यांच्या आत मात्र काही घालू नये. धडकेत ते मऊ थर दबतात आणि घट्ट वाटणारा पट्टा क्षणात सैल होतो. चादर पांघरायची तर पट्टे लावून झाल्यावर, वरून. डोकं पुढे पडतं म्हणून कपाळाला पट्टी बांधणं तर फारच वाईट. धड पुढे जातं, डोकं अडकून राहतं, आणि सगळा ताण मानेवर येतो. त्याऐवजी कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलंय तेवढी सीट मागे कलवावी.

स्वमग्न मूल बक्कल उघडत असेल तर त्यावर घरगुती कुलूप लावू नका. अपघातानंतर मदतीला आलेल्या माणसाला ते उघडता यायला हवं. दाराला चाइल्ड लॉक, शेजारी मोठं माणूस, आणि बक्कल उघडलं की दर वेळी गाडी बाजूला घ्यायची.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर असतो. उन्हात उभ्या गाडीतलं धातूचं बक्कल चटका देतं. स्पायना बिफिडा (पाठीचा कणा जन्मतः नीट न जुळलेला) असलेल्या काही मुलांना कमरेखाली संवेदनाच नसते, त्यामुळे भाजलं तरी ती रडत नाहीत. बक्कल आधी आपल्या हाताला लावून बघावं.

कायद्याबद्दल एवढंच, की 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याविना नेलं तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार 1000 रुपये दंड आहे.

मूल वाढलं, उचलणं जमेना, की व्हीलचेअरसकट गाडीत चढवण्याचा विचार येतो. त्यासाठी खुर्ची आयएसओ 7176-19 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे धडक-चाचणी झालेली हवी, तोंड पुढे हवं, चार बिंदूंनी गाडीच्या तळाला जखडलेली हवी आणि मुलाला वेगळा पट्टा हवा. साध्या घडीच्या खुर्चीला हे लागू नाही. तिची जागा डिकीत. आणि कफ ओढून काढणारं सक्शन मशीन, ऑक्सिजन सिलिंडरसारखी तीही बांधूनच न्यायची, कारण पाच किलोचं सुटं यंत्र ताशी 50 च्या त्याच धडकेत 100 किलोच्या जोरानं पुढे येतं.