टाचेमागच्या शिरेचं कॅलेंडर

अमेरिकेतल्या चार संशोधकांनी 2017 साली जवळजवळ 1 कोटी मॅरेथॉन निकालांचा आलेख प्रसिद्ध केला. इतक्या माणसांच्या वेळा मिनिटामिनिटाने मांडल्या की एखादी गोलसर टेकडी दिसावी. या टेकडीला मात्र पायऱ्या पडलेल्या होत्या. 4 तास पुरे व्हायच्या आधीच्या मिनिटांत माणसांची झुंबड आणि 4 तास उलटताच एकदम शुकशुकाट. साडेतीन तासांना तसंच, साडेचारला तसंच. स्नायूंच्या लेखी 3:59:30 आणि 4:00:30 यांत काहीही फरक नाही. तरीही पायांत त्राण उरलेलं नसताना, शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये, तो गोल आकडा माणसाला पुढे ओढतो. ध्येयाची ताकद याहून स्पष्ट कुठे दिसेल?

म्हणून कुणी "सब-फोर करायचंय", म्हणजे 4 तासांच्या आत मॅरेथॉन पळायची आहे, असं म्हणालं की मला मनापासून आनंद होतो. माझा प्रश्न फक्त एवढाच असतो की, कधी? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "या जानेवारीत." मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते आणि जिद्द जागी होते ती जुलैच्या पावसात. आज जो फुल मॅरेथॉन 5 तास 10 मिनिटांत संपवतो, त्याला एका किलोमीटरला साधारण 7 मिनिटं 21 सेकंद लागतात. सब-फोरसाठी किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद, असा पेस हवा. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे 1 मिनिट 40 सेकंद वाचवायचे, तेही सलग 42 किलोमीटर. असं करून दाखवणारी साधी नोकरदार माणसं आहेत. पण सहा महिन्यांत हे अंतर कापायला जाणारे कित्येक जण जानेवारीआधी डॉक्टरकडे पोचतात, कारण शरीरात एकाच वेळी अनेक कॅलेंडरं चालू असतात आणि आपण त्यातलं सगळ्यात घाईचं तेवढं वाचतो.

सगळ्यात घाईचं कॅलेंडर रक्ताचं. पळायला लागल्यावर एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, वाढतो आणि हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकू लागतं. मग स्नायूंची पाळी. 1967 मध्ये जॉन हॉलोझी यांनी उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंमधल्या मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे पेशींतल्या चुलींची, ऑक्सिजन वापरायची क्षमता सुमारे दुप्पट झाली. माणसाचा स्नायूही याच वाटेने जातो. दोन-तीन महिन्यांत चढावर धाप लागेनाशी होते, आणि आता आपल्याला कुणी अडवू शकत नाही असं वाटू लागतं.

हाड तेव्हा अजून कामातच असतं. ताण वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. ही एक फेरी पुरी व्हायला तीन-चार महिने लागतात. दुरुस्तीसाठी रस्ता खणून ठेवावा तशी मधल्या काळात ती जागा कच्ची असते. नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते ती बऱ्याचदा याच दिवसांत, दम वाढलेला असताना.

आणि सगळ्यात संथ असते टाचेमागची जाड शीर, अकिलीस टेंडन. ही रक्ताची शीर नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा दोर. तिची कहाणी अणुबॉम्बने उघड केली. 1955 ते 1963 या काळातल्या अणुचाचण्यांनी हवेतल्या कार्बन-14 चं, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराचं, प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं, आणि पुढे ते वर्षागणिक उतरत गेलं. हवेतला कार्बन झाडांत जातो, तिथून अन्नात, अन्नातून आपल्या अंगात. त्यामुळे शरीरातला एखादा कण कोणत्या सालचा आहे, हे त्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. डेन्मार्कमधल्या कात्या हाइनमायर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मृत माणसांच्या अकिलीस टेंडनवर हे मोजमाप केलं. शिरेच्या गाभ्यातला कार्बन त्या माणसाच्या जन्मापासून सतराव्या वर्षापर्यंतचा निघाला. पुढे आयुष्यभर तिथे नव्याने जवळपास काहीच विणलं गेलेलं नव्हतं. मला ही माहिती कळली तेव्हा मी नकळत वाकून टाचेला हात लावला होता. शाळेच्या मैदानावर जी शीर घेऊन पळालो, तीच घेऊन चाळिशीत पळायचं आहे. व्यायामाने ती ताठ आणि बळकट होते, पण त्याला अनेक महिने लागतात आणि ताण हळूहळूच वाढवावा लागतो. एकदा गाभा बिघडला, तर नवा मिळेल अशी आशा फारशी धरता येत नाही.

वर्षं मोजायची ती भीतीपोटी मात्र नाही. इंग्लंडच्या मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफ यांची शारीरिक चाचणी संशोधक अँड्र्यू जोन्स 1992 पासून सातत्याने घेत होते. त्या काळात रॅडक्लिफ यांची ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता जवळपास तेवढीच राहिली, दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे 70 मिलिलिटर. बदललं ते वेगळंच. तेवढ्याच वेगाने पळायला लागणारा ऑक्सिजन 2003 पर्यंत सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये त्या 2:15:25 पळाल्या आणि तो विश्वविक्रम 16 वर्षं टिकला. एंजिन तेच, अ‍ॅव्हरेज वाढलं! पळताना टाचेमागची शीर स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि सुटताना ती ऊर्जा परत देते. रॅडक्लिफ यांच्या काटकसरीमागे अशा ताठ होत गेलेल्या शिरांचा हात असावा, असं जोन्स यांनी सुचवलं. जी शीर घाईत दुखावते, तीच सबुरीने मोठं बक्षीस देते.

तेव्हा 5:10 वाल्याने सब-फोरचं स्वप्न खुशाल बघावं, पण चार वर्षांचं. पहिल्या वर्षी वेळेचा विचारही नको. एकही आठवडा दुखापतीने बुडाला नाही, एवढंच ध्येय पुरे. मग हाफ मॅरेथॉनचं टायमिंग, मग कधीतरी 4:30. रोजच्या पातळीवर ध्येय फार लहान असावं. 2002 मधल्या एका ब्रिटिश प्रयोगात विद्यार्थ्यांना पुढच्या आठवड्यात कुठे आणि केव्हा व्यायाम करणार हे लिहून द्यायला सांगितलं. लिहिणाऱ्यांपैकी 91 टक्क्यांनी व्यायाम केला, न लिहिणाऱ्यांपैकी 38 टक्क्यांनी. "सब-फोर" भिंतीवर लिहा. फ्रिजवर मात्र "मंगळवारी साडेपाचला, टेकडीच्या पायथ्याशी" असं लिहा.

वय निघून चाललंय, थांबायला वेळ कुठाय, असं मला पुष्कळ जण म्हणतात. कॅनडाचे एड व्हिटलॉक 73 व्या वर्षी टोरांटोत 2:54:48 पळाले होते, आणि 85 व्या वर्षीही त्यांनी 4 तासांच्या आत मॅरेथॉन संपवली.

दक्षिण आफ्रिकेत 1921 पासून कॉम्रेड्स नावाची सुमारे 90 किलोमीटरची शर्यत होते. महाराष्ट्रातूनही दरवर्षी बरेच जण त्यासाठी डर्बनला जातात. ती दहा वेळा पुरी करणाऱ्याला छातीवर लावायचा हिरवा नंबर मिळतो, आणि तो नंबर कायमचा त्याचाच होतो. शर्यत वर्षातून एकदाच. तुमच्या-माझ्यासारख्या हौशी माणसाने कितीही वेगाने पळून पाहिलं, तरी तो नंबर दहाव्या वर्षाआधी हाती येत नाही.