वायपरला पाऊस दिसत नाही

जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्यानं माझ्या गाडीची पुढची काच तडकली. काच बदलून घेतली आणि त्यानंतर वायपरचं डोकं फिरलं. लोणावळ्याच्या अलीकडे, लख्ख उन्हात, कोरड्या काचेवर ते खर्र खर्र करत नाचायला लागले. पुढच्याच रविवारी ताम्हिणीत धुकं आणि भुरभुर अशी की वळण दिसेना, तेव्हा मात्र स्वारी निवांत पडून. गाडी घेताना ‘ऑटोमॅटिक वायपर आहेत, स्टिअरिंगजवळच्या दांडीला हात लावायला नको’ असं ऐकवलं होतं. अख्खा घाट मी दांडीवर हात ठेवूनच उतरलो.

या प्रकारात दोष कोणाचा, हे शोधायला आरशामागची काळी डबी समजून घ्यावी लागते. काचेला आतून चिकटवलेली ही डबी म्हणजे रेन सेन्सर. पण नाव सोडा, तिला पाऊस कळत नाही. तिला कळतो तो फक्त हरवलेला प्रकाश.

घरात करून बघा. काचेचा ग्लास पाण्यानं भरा, हातात धरा आणि वरून, पाण्यातून, ग्लासच्या बाजूकडे तिरकं बघा. ती बाजू आरशासारखी चांदीची दिसेल, बाहेरून धरलेली बोटं दिसणारच नाहीत. आता एक बोट ओलं करून त्याच जागी दाबा. बोटाच्या रेघा अशा उमटतील की आधार कार्डवाल्यानं हेवा करावा. कोरड्या बोटाच्या आणि काचेच्या मध्ये हवेचा पातळ थर असतो, त्यामुळे आतला प्रकाश बाहेर न पडता उलटा फिरतो. ओल्या बोटानं तो थर भरून निघाला की प्रकाशाला वाट मिळते. शाळेत पाठ केलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच.

डबीत हाच खेळ चालतो. एलईडी दिवे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण काचेत तिरके सोडतात. किरण ज्या कोनापेक्षा जास्त तिरका पडला की बाहेर न पडता मागे फिरतो, तो क्रांतिक कोन. काच आणि हवा यांच्या सीमेवर तो साधारण ४२ अंश असतो, काच आणि पाणी यांच्या सीमेवर तो ६० च्या पुढे जातो. किरण या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे ४५ अंशांच्या आसपास सोडले, की काच कोरडी असताना ते सगळेच्या सगळे परत येतात, आणि थेंब पडला की त्या जागेवरचे किरण थेंबातून निसटतात. परतीचा प्रकाश घटला, म्हणजे पाणी आलं. उन्हातही अवरक्त किरण असतातच. त्यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून दिवे ठरावीक लयीत उघडझाप करतात. कल्पना इतकी सुंदर आहे की चिडचिड होत असतानाही तिला दाद द्यावीशी वाटते.

अडचण सुरू होते ती जागेपासून. एवढ्या मोठ्या काचेतला जेमतेम काही चौरस सेंटिमीटरचा तुकडा डबी बघते. मुसळधार पावसात हे चालतं, कारण थेंब सगळीकडेच असतात. रिमझिमीत थेंब कुठे पडेल ते नशिबावर. तुमच्या डोळ्यांसमोर पंधरा थेंब जमतात आणि डबीच्या तुकड्यावर एकही नसतो. शेजारच्या ट्रकनं खड्ड्यातलं गढूळ पाणी अंगावर उडवलं, तर ते कळून वायपर हलेपर्यंतचा तो एक क्षण तुम्ही आंधळे असता.

दुसरी गोष्ट मला जास्त गमतीची वाटते. कोरडी काच म्हणजे काय, हे डबी गृहीत धरत नाही. वायपर फिरून गेल्यावर जे उरतं त्यालाच ती ‘कोरडं’ मानून पुढची तुलना करते. आता आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रबर कडक होतं, कडेला चिरतं. असं रबर पाणी पुसत नाही, पसरवतं. तो ओला पट्टा नेमका डबीसमोर राहिला, तर तिचा हिशेब बिघडतो. कधी तिला वाटतं पाऊस अजून चालूच आहे, मग वायपर पुन्हा फिरतो, पुन्हा पट्टा सोडतो आणि पुन्हा फिरतो. कधी ती त्या पट्ट्यालाच कोरडी काच समजून सुस्तावते. सेन्सर बिघडला म्हणून लोक गॅरेज गाठतात, आणि बिघडलेलं असतं ते काही शे रुपयांचं रबर.

कोरडी धूळ तशी निरुपद्रवी. तिचे कण काचेला नीट टेकतच नाहीत, तुमच्या कोरड्या बोटासारखे. पण धुरातला तेलकट थर, चिरडलेला किडा, झाडाचा चीक, कबुतराची कृपा हे सगळं काचेला घट्ट बिलगतं आणि डबीला पाण्यासारखंच भासतं. मग कोरड्या काचेवर वायपर फिरतो आणि मधल्या वाळूच्या कणांनी ओरखडे पाडतो. सकाळी सोसायटीत गाडी पुसणाऱ्याचा ओला फडका त्या जागेवरून गेला आणि इग्निशन चालू असलं, तर बोटांवर फटकाही बसू शकतो. धुताना, पुसताना दांडी ‘ऑटो’वरून काढावी ती यासाठी.

आणि काचेवर आतून बाष्प धरलं असेल तर ही डबी काहीच करू शकत नाही. वायपर बाहेर आहे, बाष्प आत. तिथे एसीच हवा.

१९७० साली फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीनं एसएम या गाडीत वेगळाच उपाय केला होता. प्रकाश वगैरे काही नाही, थेट वायपरच्या मोटरलाच विचारायचं. कोरड्या काचेवर रबर अडखळतं, मोटर जास्त वीज ओढते. ओल्यावर ते सरकतं. विजेच्या ओढीवरून दोन फेऱ्यांमधलं अंतर ठरायचं. उलट टोकाला टेस्ला. तिथे वेगळी डबीच नाही, गाडी चालवण्यासाठी बसवलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रांतून संगणक पाऊस ओळखायला शिकतो. पण हे कॅमेरे लांबचा रस्ता बघायला आहेत. काचेवरचा थेंब त्यांच्या इतका जवळ असतो की तो नुसता धूसर डाग दिसतो. तिथल्या मालकांच्याही तक्रारी आमच्यासारख्याच आहेत: ऊन असताना फिरतो, पावसात झोपतो.

माझ्या गाडीचं दुखणं मात्र यातलं कुठलंच नव्हतं. डबी आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक जेलची गादी असते. ती नसेल तर किरण काचेत शिरण्याआधीच हवेच्या थराला अडखळतील. नवी काच बसवताना ती गादी नीट दाबली गेली नव्हती. बाहेरून, उन्हात, मान वाकडी करून पाहिलं तेव्हा आरशामागे तांदळाएवढे दोन बुडबुडे स्पष्ट दिसले. गाडी तापली की हवा फुगायची आणि परतीचा प्रकाश बदलायचा. डबीला तो बदल म्हणजे पाऊस. थंड, ओल्या घाटात तिचा हिशेब उलट्या बाजूनं चुकत असणार.

दुसऱ्या गॅरेजवाल्यानं जुनी गादी फेकली, काच स्पिरिटनं पुसली आणि नवी गादी एका कडेकडून हळूहळू अंगठ्यानं दाबत आणली, मोबाइलला स्क्रीनगार्ड लावतात तशी. वीस मिनिटांचं काम. उन्हातला नाच त्या दिवशीच थांबला. ताम्हिणीतल्या धुक्याचे बारीक तुषार मात्र डबीला अजूनही उशिरा कळतात, संवेदनशीलतेचं चाक शेवटपर्यंत फिरवलं तरी. डोंगरवाडीच्या आसपास ढग रस्त्यावर उतरले की मी मुकाट्यानं दांडी खाली ओढतो.