दिल्लीने दार उघडले, ठाणे-बेलापूरचे काय?

1 ऑगस्ट 1962 ला एमआयडीसी, म्हणजे राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत ठरली. कारखानदाराला जमीन, रस्ता, पाणी एकाच दारात मिळावे, एवढा साधा हेतू. मग खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. राज्याने मनावर घेतले की काय होते, हे या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिले आहे.

1991 मध्ये देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते. 24 जुलैला केंद्राने बहुतेक उद्योगांवरची परवान्याची सक्ती उठवली. पण जमीन, पाणी, पोलीस, नगरपालिका हे विषय राज्यांचे, वीजही राज्याच्याच मंडळाकडे. त्यामुळे सावरण्याचे पुढचे सगळे काम मंत्रालयाच्या टेबलावर आले.

तिथे विजेचे गणित साफ चुकले. 1993 मध्ये एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पातून वीज घेण्याचा करार झाला. ती इतकी महाग पडली की 2001 मध्ये मंडळाने खरेदीच थांबवली आणि प्रकल्प बंद पडला. पुरेशी दुसरी सोय केलेली नव्हती, म्हणून पुढे राज्याने वर्षानुवर्षे भारनियमन सोसले. प्लास्टिकच्या मोल्डिंग मशीनवर काम करणाऱ्याला विचारा. मध्येच वीज गेली की बॅरलमधला माल आतच घट्ट होतो. वीज आल्यावर मशीन पुन्हा तापवायचे, अडकलेला माल काढायचा, सुरुवातीचे नग भंगारात टाकायचे. तासाभराचे भारनियमन अर्धी पाळी खाते. मोठ्या कंपन्यांनी जनरेटर लावले, लहान गाळेवाल्यांना ते डिझेल परवडणारे नव्हते.

सावरायची वेळ आली की सगळे राज्यावरच येते, हे दुखणे कोविडने पुन्हा उघडे केले. 4 मे 2020 ला राज्याने विकासखर्च तरतुदीच्या 33 टक्क्यांवर आणला. तिजोरी रिकामी होती, हे मान्य. केंद्रानेही त्याच ऑक्टोबरमध्ये राज्यांना भांडवली कामांसाठी 50 वर्षांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले, कारण रस्ते-पूल बांधणार राज्येच.

मला खरी चीड येते ती महापालिकांच्या निवडणुकांची. नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून प्रशासक बसले. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद. मतदान उजाडले थेट जानेवारी 2026 मध्ये. धंदा सावरण्याच्या नेमक्या या काळात गाळ्यासमोरचा खड्डा, तुंबलेले गटार, कमी दाबाचे पाणी यांसाठी हक्काने जाब विचारावा असा नगरसेवकच नव्हता.

कामगाराच्या प्रवासाचेही तेच. नवी मुंबईत बेलापूर ते तळोज्याकडच्या पेंधर मेट्रोचे काम 2011 मध्ये सुरू झाले. अंतर सुमारे 11 किलोमीटर. पहिली गाडी धावली 17 नोव्हेंबर 2023 ला. तोवर तळोज्याचा कामगार बस आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभा होता. काम सुरू झाले तेव्हा पंचविशीत असलेला माणूस त्या गाडीत बसला तेव्हा सदतीस वर्षांचा झाला होता.