रिकन्सिलिएशन आणि अमेरिकेचा आरोग्यसुधारणा कायदा (२०१०)

बजेटशी संबंधित बिल साध्या बहुमताने पास करून घ्यायची अमेरिकी सिनेटमध्ये एक वेगळी वाट आहे, तिला बजेट रिकन्सिलिएशन म्हणतात. एरवी १०० पैकी ६० मतं जमल्याशिवाय चर्चा बंद करता येत नाही आणि अल्पमतातला पक्ष फिलिबस्टर करून, म्हणजे चर्चा लांबवत ठेवून, बिल लटकवून ठेवू शकतो, पण इथे चर्चेलाच २० तासांची मर्यादा आहे, त्यामुळे ५१ मतांत (किंवा ५० अधिक उपराष्ट्राध्यक्षांचं एक) काम होतं. ओबामांच्या आरोग्यसुधारणेसाठी ही वाट वापरावी का, यावरून २००९-१० मध्ये दोन्ही पक्षांत रान पेटलं आणि कारकुनी वाटणारा हा विषय एकदम बातम्यांत आला.

या तरतुदीचा मूळ हेतू काय, हा जुना वाद आहे. तरतूद १९७४ च्या काँग्रेशनल बजेट कायद्यातली. त्यात वर्षाला दोन बजेट ठराव होते, दुसरा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत करायचा आणि त्याच्याशी मेळ घालणारं बिल २५ सप्टेंबरपर्यंत संपवायचं, म्हणजे हाताशी जेमतेम दहा दिवस. एवढ्यात कोण मोठं धोरण आणणार, म्हणून ही निव्वळ हिशोब जुळवायची सोय होती असं एक मत. दुसरं मत असं की १९८० मध्येच काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) असा मेळ घालायचे निर्देश वसंतातल्या पहिल्या ठरावात नेले, त्याच डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी असा पहिला कायदा सही केला, पुढच्या वर्षी रेगन यांची मोठी खर्चकपात याच मार्गाने झाली, तेव्हा वापरातूनच अर्थ ठरला. मूळ हेतूबद्दल पहिलं मत जास्त पटतं, पण १९८१ नंतर त्यावर बोट ठेवून अडवणूक करणं अवघडच. शिवाय आरोग्य हा विषय या वाटेला नवा नव्हता, नोकरी सुटल्यावर काही काळ कंपनीचा विमा चालू ठेवायची सोय देणारा ‘कोब्रा’ कायदा (१९८६) आणि मुलांच्या विम्याची ‘चिप’ योजना (१९९७) दोन्ही इथूनच आल्या.

बिलात वाट्टेल ते घुसडलं जाऊ नये म्हणून वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांचा नियम १९८५ मध्ये आला, १९९० मध्ये कायम झाला. ज्या कलमाचा बजेटवर परिणाम नाही किंवा नावापुरताच आहे ते आक्षेप घेतल्यावर गळतं, वाचवायचं तर परत ६० मतं. कुठलं कलम बसतं यावर सल्ला देतो सिनेटचा पार्लमेंटेरियन, म्हणजे नियमांचा जाणकार अधिकारी, २०१० मध्ये अॅलन फ्रुमिन. आपल्याकडे २०१६ मध्ये आधारचं बिल मनी बिल म्हणून आणल्यावर जी ओरड झाली ती आठवली तर भांडणाची जात लक्षात येईल, फक्त आपल्याकडे लोकसभाध्यक्षांचा शिक्का चालतो, सिनेटमध्ये कलमागणिक चाळणी. क्लिंटन यांची आरोग्य योजना १९९३ मध्ये या वाटेने न्यायला बर्ड यांनीच नकार दिला होता.

ओबामाकेअर, म्हणजे हाच आरोग्यसुधारणा कायदा, अख्खं रिकन्सिलिएशनने पास झालं, असं सर्रास सांगितलं जातं, ते तसं नाही. मुख्य बिल सिनेटने २४ डिसेंबर २००९ ला नेहमीच्या पद्धतीने ६०-३९ ने पास केलं. मग १९ जानेवारी २०१० ला टेड केनेडी यांच्या रिकाम्या जागेवर मॅसेच्युसेट्समध्ये रिपब्लिकन स्कॉट ब्राउन निवडून आले आणि ओबामांचे डेमोक्रॅट ५९ वर अडकले. हाऊसला (काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहाला, प्रतिनिधिगृहाला) सिनेटच्या बिलातली नेब्रास्का राज्याला दिलेली मेडिकेडची (गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याची) खास सवलत, महागड्या विम्यावरचा टॅक्स वगैरे पटत नव्हतं, पण बदल करून परत पाठवलं असतं तर तिथे ६० कुठून आणणार? तेव्हा हाऊसने २१ मार्चला तेच बिल जसंच्या तसं २१९-२१२ ने घेतलं आणि दुरुस्त्यांचं वेगळं छोटं बिल रिकन्सिलिएशनमध्ये टाकलं. मुख्य बिलावर मत न घेता ते ‘पास झालं असं समजायचं’ अशीही युक्ती निघाली होती, बोंबाबोंब झाल्यावर ती सोडली.

रिपब्लिकनांचं म्हणणं, आरोग्य म्हणजे अर्थव्यवस्थेचा सहावा हिस्सा, त्याचा निर्णय असा घेऊ नये. त्यांच्यातले काहीजण याला न्यूक्लिअर ऑप्शन म्हणायचे, खरं तर २००५ मध्ये तो शब्द न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी सिनेटचा नियमच मोडीत काढण्याबद्दल होता. डेमोक्रॅट उलट बुश यांची २००१ आणि २००३ ची टॅक्सकपात दाखवायचे, २००३ ला तर उपराष्ट्राध्यक्ष चेनींचं मत लागलं होतं. तेव्हा तक्रार करणारे डेमोक्रॅटच होते हे दोन्हीकडचे सोयीने विसरतात.

सिनेटमध्ये दुरुस्त्यांचा पाऊस पडला. रिपब्लिकन टॉम कोबर्न यांची एक, लैंगिक गुन्हेगारांना सरकारी पैशाने व्हायग्रा मिळू नये म्हणून. तीही डेमोक्रॅटांनी पाडली, कारण एक शब्द बदलला तरी बिल हाऊसकडे परत. शेवटी ते गेलंच, विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीबद्दलच्या (पेल ग्रँट) दोन किरकोळ तरतुदी बर्ड नियमात गळल्या म्हणून. २५ मार्चला सिनेटने ५६-४३ ने आणि त्याच दिवशी हाऊसने २२०-२०७ ने मंजुरी दिली, होकार देणाऱ्यांत स्वतः बर्ड होते.

पुढे ओबामाकेअर रद्द करायला रिपब्लिकनांनीही हीच वाट धरली, जानेवारी २०१६ मध्ये ओबामांनी व्हेटो केला आणि २८ जुलै २०१७ ला मॅकेन यांच्यासह तीन रिपब्लिकन फुटल्याने बिल ४९-५१ ने पडलं. मेडिकेअरला (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला) औषधांच्या किमतीत घासाघीस करू देणारा २०२२ चा कायदा आणि मेडिकेडला कात्री लावणारा २०२५ चा, दोन्ही सिनेटमध्ये ५१-५० ने निघाले, पहिल्याला तेव्हाच्या उपराष्ट्राध्यक्ष हॅरिस यांचं मत, दुसऱ्याला उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांचं.