फ्लाइट जॅकेट: जुन्या लष्करी पद्धतीचं जाड चामडी जाकीट

फ्लाइट जॅकेट म्हणजे वैमानिक आणि विमानातल्या बाकी क्रूसाठी सैन्याने बनवून घेतलेलं, कमरेपाशी संपणारं चामडी जाकीट. मॉलमध्ये 'बॉम्बर' म्हणून जे पातळ, मऊ, हलकं काहीतरी मिळतं ते यात धरू नका. इथे विषय आहे दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या जाकिटांचा आणि त्यांच्या आज निघणाऱ्या हुबेहूब नकलांचा, ज्या नव्या असताना इतक्या कडक असतात की जमिनीवर ठेवल्या तर जवळजवळ तशाच उभ्या राहतात. प्रश्न असा की हे रोज वापरता येतं का.

यातलं सगळ्यात गाजलेलं ए-२. अमेरिकन आर्मी एअर कोअरने ते १९३१ मध्ये मंजूर केलं, त्याआधी १९२७ चं ए-१ होतं, त्याला पुढे बटणं होती, ए-२ ला चेन आली. कातडं घोड्याचं, काही बकरीचं, काही गायीचं. शर्टासारखी कॉलर, तिची टोकं टिचबटणाने खाली बसवलेली, खांद्यावर पट्ट्या, मनगटाला आणि कमरेला लोकरीची विणलेली पट्टी, समोर झाकणाचे दोन खिसे. नौदलाचं वेगळं, १९४० च्या सुमाराचं एम-४२२ए, त्याचंच पुढे १९४७ मध्ये जी-१ झालं: बकरीचं कातडं, मेंढीच्या केसाळ कातड्याची कॉलर आणि पाठीत दोन्ही बाजूंना घड्या, म्हणजे हात पुढे नेला की पाठ उघडते. तिसरं बी-३, १९३४ चं, अख्खं मेंढीच्या कातड्याचं, लोकर आतून. ब्रिटिशांच्या हवाई दलाचं (आरएएफ) अर्विन जाकीटही याच जातीचं, ते बनवणारा लेस्ली अर्विन मूळचा पॅराशूटवाला अमेरिकन.

बी-३ इतकं जाड का, तर बी-१७ सारखी बॉम्बर विमानं पंचवीस हजार फुटांवर उडायची, आत ना प्रेशर ना नीट हीटर, बाजूच्या खिडक्या उघड्या, त्यात मशीनगन लावलेली, आणि बाहेर उणे चाळीस किंवा त्याहूनही खाली. उघड्या हाताने धातूला हात लावला तर कातडी चिकटून राहायची, हिमदंशाने कितीतरी जण जायबंदी झाले. आता हेच जाकीट घालून कोणी पुण्यात डिसेंबरमध्ये लक्ष्मी रोडला निघाला तर त्याचं काय होईल ते सांगायची गरज नाही.

रोज वापरता येतं का हा प्रश्न मुळात इथेच अडकतो, कारण यातली बहुतेक गैरसोय ही चूक नाहीये, ते जाकीट ज्या जागेसाठी शिवलं तिथे ते बरोबरच होतं. वैमानिक बसलेला असतो म्हणून लांबी आखूड, नाहीतर पोटाशी घोळ होतो. वर त्या काळी पँट पार बेंबीपर्यंत चढवलेली असायची, त्यामुळे जाकीट आणि पँट एकमेकांना भेटायची. आजची जीन्स कमरेच्या खाली, मग हात वर केला की मधून चार बोटं शर्ट बाहेर येतो आणि माणूस म्हणतो साइज चुकली. साइज चुकलेली नसते, पँट चुकलेली असते. खिशांचंही तेच, ए-२ च्या खिशांना बाजूने हात घालायला जागाच नाही, सैनिकाने खिशात हात घालून उभं राहणं शिस्तीत बसत नाही असं कारण सांगतात. थंडीत बसस्टॉपवर उभं राहिलं की ही शिस्त फार जाणवते. अमेरिकन हवाई दलाने १९८८ मध्ये बकरीच्या कातड्यात ए-२ परत आणलं, त्याला नंतर बाजूचे खिसे आले.

वजनाचं म्हणाल तर चांगलं ए-२ दीड-दोन किलोच्या घरात जातं, बी-३ तीनच्या पुढे. पण वजनापेक्षा त्रास कडकपणाचा. ज्याने खरी कोल्हापुरी घातलीय त्याला हे पटकन कळेल: बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं आधी चावतं, कर्रकर्र वाजतं, आणि मग पायाचा आकार घेतं. वनस्पतीने कमावलेल्या घोड्याच्या कातड्याचं असंच, पहिले काही महिने कोपर वाकवताना जोर लागतो, बाहीच्या आतल्या बाजूला घड्या पडतात आणि त्या घड्या मग कायमच्या तुमच्या होतात, दुसऱ्याने ते जाकीट घातलं तर त्याच्या कोपराशी त्या जुळत नाहीत. बकरीचं मात्र पहिल्या दिवसापासून मवाळ, दाणेदार आणि टिकायलाही चिवट, त्यामुळे रोजच्यासाठी कोणी विचारलं तर बकरीचं घ्या, घोड्याचं कातडं हा हौसेचा मामला आहे.

हवामानाचं गणित: ए-२ साधारण आठ ते सोळा अंशांत बरं. आत जाड स्वेटर घालावा तर जाकीट अंगाला घट्ट बसेल असंच बेतलेलं असतं, मावत नाही. त्याहून थंडीत कमरेखाली वारा लागतो, त्याहून गरम झालं की चामडं श्वास घेत नाही, घाम आत अस्तरातच राहतो. म्हणजे महाराष्ट्रात नाशिक-निफाडच्या जानेवारीतल्या पहाटा, महाबळेश्वर, आणि बाईकवर रात्रीचा प्रवास, एवढंच. न्यू जर्सी किंवा लंडनच्या मराठी माणसाला ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल मिळतात, ऐन बर्फात तिकडेही ते पुरत नाही. कारमध्ये सीटबेल्ट लावून बसलं की कॉलर हनुवटीला टोचते, हे कोणी आधी सांगत नाही.

सैन्यानेही हे कायम वापरलं असं नाही. १९४३ मध्ये अमेरिकन आर्मीच्या हवाई दलाचे प्रमुख जनरल अर्नोल्ड यांनी नवी चामडी जाकिटं घेणं थांबवलं आणि कापडी बी-१० वगैरे आली, पुढे जेटच्या काळात नायलॉनचं एमए-१. वैमानिक मात्र जुनी सोडायला तयार नव्हते. आसामातल्या चबुआ, दिनजानहून युद्धात हिमालय ओलांडून चीनला सामान नेणाऱ्या अमेरिकन वैमानिकांच्या जाकिटांवर आपल्याकडच्या कारागिरांनी चामड्यात कापून शिवलेले बिल्ले असायचे, आणि पाठीवर किंवा अस्तरात चिनी अक्षरांचा कापडी तुकडा, की हा परका माणूस मदतीला आलाय, याला वाचवा. असं अस्सल जाकीट आज हाती लागलं तर ते रोज घालू नये, ऐंशी वर्षांचा दोरा उसवतो आणि बी-३ च्या बाहेरच्या लेपाला तडे जाऊन पापुद्रे निघतात.

ठेवायचं कसं हा आपल्याकडे मोठा प्रश्न. माझ्या मावसभावाने अमेरिकेहून एक आणलं, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून ठाण्याच्या कपाटात टांगलं, गणपतीत काढलं तर कॉलरवर हिरवट-पांढरी बुरशी आणि कमरेच्या लोकरीला कसर लागून भोकं. प्लास्टिक नको, सुती चादर गुंडाळा, रुंद खांद्याचा लाकडी हँगर, मनगटापाशी डांबरगोळ्या, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी बाहेर काढून पंख्याखाली, उन्हात नाही. तेल वर्षातून एकदा, तेही बोटाने, कारण जास्त तेल चोळलं की चामडं मऊ तर होतं पण शिवणीपाशी सैल पडतं. लोकरीच्या पट्ट्या नव्या लावून मिळतात, भावाने धारावीतून करून घेतल्या, रंग थोडा वेगळा आलाय.