नानकटाई घरच्या ओव्हनमध्ये: संचासोबतचं माहितीपत्रक

संचात काय आहे ते आधी पाहून घ्या: ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर, मापाचे चमचे, बेकिंग पेपरचे पाच ताव आणि डब्यासाठी ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) ए-३ आकाराचा एक पुठ्ठा. तूप, साखर आणि पिठं तुमच्या घरची. नानकटाई बिघडली की बहुतेक जण दुसरी कृती शोधायला लागतात. कृती सहसा बरोबर असते. बिघाड असतो तो दोन ठिकाणी: तूप नको तितकं पातळ असतं, नाहीतर ओव्हनच्या बटणावर एक आकडा आणि आत भलतंच तापमान असतं. म्हणून या पत्रकात या दोन गोष्टींवर जास्त लिहिलंय.

पहिल्या दिवशी फक्त ओव्हन तपासा

थर्मामीटर मधल्या जाळीवर, बरोबर मध्यभागी ठेवा. बटण १६० अंश सेल्सिअसवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू, आत दुसरं काही नाही. वीस मिनिटांनी काचेतून आकडा वाचा. पुढची दहा मिनिटं लक्ष ठेवून सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा लिहून घ्या. रॉड मध्येच विझतो, पुन्हा लाल होतो. तो बिघाड नाही, थर्मोस्टॅट तसाच चालतो. दोन आकड्यांच्या मधला आकडा हे तुमच्या ओव्हनचं खरं तापमान. बटण १६० वर आणि आत १८० असेल, तर तुमच्यासाठी १६० म्हणजे बटणावरचे साधारण १४०. कागदाच्या चिठ्ठीवर हे लिहून ओव्हनजवळच्या भिंतीवर चिकटवा. पुढच्या प्रत्येक केकला उपयोगी पडेल.

ओटीजी (घरचा विजेच्या रॉडचा छोटा ओव्हन) किती वॅटचा आहे ते मागच्या पट्टीवर छापलेलं असतं. १३८० वॅटच्या वर असेल तर ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावू नका, १६ अँपिअरचा मोठा सॉकेट वापरा. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

मायक्रोवेव्ह असेल तर त्यात ‘कन्व्हेक्शन’ ही सोय हवी. नुसत्या मायक्रो लहरींवर नानकटाई भाजली जात नाही; आतून करपते, वरून पांढरीच राहते. कन्व्हेक्शनमध्ये पंखा असतो, त्यामुळे तापमान १० अंशांनी कमी ठेवा.

साहित्य (साधारण २० नगांचं)

साजूक तूप ११० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, मैदा १३० ग्रॅम, बेसन ४० ग्रॅम, बारीक रवा ३० ग्रॅम, खायचा सोडा पाव छोटा चमचा (संचातला १.२५ मिलीचा), मीठ चिमूटभर, घट्ट दही किंवा चक्का १ छोटा चमचा, वेलचीपूड अर्धा छोटा चमचा, जायफळ थोडं किसून. वरून लावायला चारोळी किंवा पिस्त्याचे काप.

सोडा आणि वेलची चमच्याने, बाकी सगळं वजनाने. वाटी मोजायला घेऊ नका. मैदा चाळून भरला तर २४० मिलीच्या वाटीत १२० ग्रॅमच्या आसपास बसतो, दाबून भरला तर १५० च्या पुढे जातो. एवढ्या फरकाने एकदा नानकटाई पसरते आणि पुढच्या वेळी कोरडी होऊन फुटते. तुपाचंही तसंच: १०० मिली पातळ तुपाचं वजन ९१ ग्रॅमच्या आसपास भरतं. ज्या कृतीत ‘एक वाटी तूप’ लिहिलंय तिथे ते घट्ट की पातळ हे लिहिलेलं नसतं, आणि गडबड तिथेच होते.

बेसन आधी मंद आचेवर तीन-चार मिनिटं कोरडंच परता, खमंग वास येईपर्यंत, रंग बदलू न देता. नाहीतर पंधरा-वीस मिनिटांच्या भाजण्यात त्याचा कच्चा वास जात नाही. परतलेलं बेसन पूर्ण गार होऊ द्या. कोमट बेसन तुपात पडलं की फेसलेलं सगळं फुकट.

साखर दुकानातली पिठी चालेल, घरची दळलेली असेल तर चाळून घ्या. दाणे राहिले तर वर तपकिरी ठिपके येतात आणि कडा जास्त पसरतात.

तुपाचं

साजूक तूप साधारण २८ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं. डिसेंबरात पुण्यात बरणीतलं तूप घट्ट असतं, मे महिन्यात तेच पाण्यासारखं ओतता येतं. आपल्याला हवं आहे मधलं: रवाळ, बोट दाबलं तर खळगा पडावा, पण खळग्यात तेलासारखी चकाकी दिसू नये. पातळ असेल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. अपारदर्शक झालं की लगेच बाहेर काढा. फ्रिजमध्ये ठेवून विसरलात तर कडेला दगड आणि मध्ये पातळ असा प्रकार होतो.

आता हे तूप पसरट परातीत घेऊन पिठीसाखर घाला आणि तळहाताने फेसा. हाताने सात-आठ मिनिटं लागतात, इलेक्ट्रिक बीटरने तीन-चार. रंग पिवळ्याचा पांढरट होतो, मिश्रण हलकं लागतं. जुनी परीक्षा अशी: थोडंसं मिश्रण गार पाण्यात टाकायचं, तरंगलं म्हणजे झालं. ही परीक्षा खरी आहे, पण साखर घातल्यानंतरच. साखर मिसळलेलं तूप पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून बुडतं. त्यात हवा शिरली की तरंगतं. नुसतं तूप तर न फेसताही तरंगतं, तेव्हा त्यावरून काही कळत नाही.

भर उन्हाळ्यात हाताने फेसू नका. तळहाताच्या उबेनेच तूप सुटतं. बीटर किंवा लाकडी उलथणं घ्या.

वनस्पती तूप वापरावं का, असं विचारलं जातं. त्यात आकार जास्त नेटका राहतो, कारण ते जास्त तापमानाला वितळतं आणि नानकटाई पसरायच्या आधी बाहेरून आकार धरते. पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहतो. खाद्यपदार्थांतल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्वीइतकी ती काळजी नाही. चव मात्र साजूक तुपाचीच. खारं लोणी मात्र नको: त्यात मीठ असतं आणि पाणीही. ते पाणी मैद्याला चिवट करतं, आणि नानकटाई विरघळण्याऐवजी साध्या बिस्किटासारखी होते.

पीठ, गोळे, भाजणं

फेसलेल्या तुपात दही घालून एकदा फिरवा. मैदा, बेसन, सोडा आणि मीठ एकत्र दोनदा चाळा, मग रवा, वेलची, जायफळ मिसळून तुपात घाला. सोड्याचा गोळा चाळणीत राहिला तर तो चिरडून घ्या. तसाच पिठात गेला तर तपकिरी डाग पडतो आणि तिथे साबणासारखी कडवट चव लागते. बोटांनी फक्त एकत्र करा, पोळीच्या कणकेसारखं मळू नका. इथे चिवटपणाची भीती कमी, हाताच्या उबेची जास्त.

मिश्रण सुटं वाटेल. हरकत नाही. मुठीत दाबून बघा, मुटका धरला तर झालं. बऱ्याच जणांच्या नानकटाया कडक होतात त्याचं कारण याच क्षणी घातलेलं दोन-तीन चमचे दूध. मुटका अजिबात धरत नसेल तर एक छोटा चमचा तूप घाला, दूध नाही.

झाकून अर्धा तास गार जागी ठेवा. तोवर ओव्हन १७० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. २० ग्रॅमचे गोळे करा (पहिले तीन-चार तरी वजन करून, मग हाताला अंदाज येतो), दोन्ही तळहातांत गुळगुळीत करा आणि १२ मिलिमीटर जाडीला हलकेच दाबा. कडेला मोठी चीर असेल तर बोटाने बुजवा, नाहीतर भाजताना तिथूनच फुटते. ट्रेवर बेकिंग पेपर, दोन गोळ्यांमध्ये ४ सेंटीमीटर अंतर.

इथे थांबा. पूर्ण ट्रे लावायच्या आधी एकच नानकटाई भाजा. वीस मिनिटांचा वेळ जातो, पण उरलेल्या एकोणीस वाचतात. ती चपटी पसरली तर उरलेल्या पिठात ८-१० ग्रॅम मैदा मिसळा आणि पीठ दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. गोळा जसाच्या तसा राहिला, वर भेग नाही, आत घट्ट: एक छोटा चमचा तूप कमी पडलंय. खालून काळी, वरून पांढरी: ट्रे एक जाळी वर सरकवा किंवा एका ट्रेखाली दुसरा ट्रे ठेवा. काळ्या रंगाचा ट्रे चकचकीत अॅल्युमिनियमपेक्षा जास्त उष्णता घेतो, हेही लक्षात असू द्या.

ट्रे आत गेला की तापमान १६० वर आणा. १६ ते २० मिनिटं. पहिली दहा मिनिटं दार उघडू नका. वरचा रंग फार बदलत नाही. तळ पाहायचा, तो फिकट बदामी झाला की बंद. आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: गरम नानकटाई बोटाला मऊच लागते. ती कच्ची नाही. त्यातलं तूप अजून पातळ आहे. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, गार होताना ती घट्ट होते. मऊ लागली म्हणून आणखी पाच मिनिटं भाजलेली नानकटाई गार झाल्यावर दातांना ऐकत नाही.

दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि पत्र्याच्या डब्यात नानकटाई भरून आणायची, ही पद्धत बऱ्याच गावांत होती, काही ठिकाणी अजूनही आहे. त्या भट्टीच्या विटा तासन्‌तास तापलेल्या असतात, ट्रे आत सरकवला तरी उष्णता ढळत नाही. ओटीजीचा पत्रा पातळ, दार उघडलं की आतली गरम हवा बाहेर. म्हणून आधी १७० आणि मग १६०.

सोडा आणि बेकिंग पावडर

दोन्ही एकच नाहीत. सोड्याला आंबट लागतं, ते इथे दह्यातून मिळतं. उरलेला सोडा उष्णतेने सुटतो आणि भेगा पाडतो. बेकिंग पावडरमध्ये आंबट घटक आधीच असतो. सोड्याऐवजी पावडर घातलीत तर भेगा बारीक पडतात, रंगही फिका राहतो. भेगा जास्त हव्यात म्हणून सोडा वाढवणं मात्र चूक: नानकटाई पसरते, काळपट होते, तोंडात खारट-कडवट चव राहते. डबा जुना असेल तर सोड्यावर लिंबू पिळा, पावडरवर गरम पाणी ओता. जोरात फसफसलं तर चांगलं. नुसते दोन-चार बुडबुडे आले तर टाकून द्या.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाच्या लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या कढईत दीड सेंटीमीटर मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग ताटलीत सहा-सात नग ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. वरून रंग येणार नाही, तळ चांगला होतो. नॉन-स्टिक कढई रिकामी तापवू नका, लेप खराब होतो. कुकर बरेच जण वापरतात, पण कोरडा तापवल्याने त्याचं बूड बिघडू शकतं. आम्ही कढईच सांगतो. वापरायचाच असेल तर गॅस्केट आणि शिट्टी काढून. मीठ गार करून बरणीत ठेवा, पुन्हा याच कामाला येतं, खायला नाही.

कागदाविषयी

बाजारात ‘बटर पेपर’ नावाने दोन-तीन वेगळे कागद मिळतात. मेणाचा लेप असलेला कागद ओव्हनमध्ये वितळतो, धूर होतो. ओव्हनसाठी सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर लागतो, संचात तोच आहे. न करपलेला ताव तीन-चार वेळा वापरता येतो. तो रॉडला टेकणार नाही असा ट्रेच्या आत बसेल एवढाच कापा.

डबा

पुठ्ठ्यातून नऊ नगांचा डबा आणि झाकण दोन्ही निघतात, नीट मोजलं तर. तळाचा चौकोन २१.६ सेंटीमीटर, झाकणाचा २० सेंटीमीटर. ४२ सेंटीमीटरच्या लांबीत दोन्ही एकापुढे एक बसतात. तळाच्या चौकोनावर चारही कडांपासून ३ सेंटीमीटर आत रेघ मारा, झाकणावर २ सेंटीमीटर आत. आतला तळ १५.६ आणि झाकणाचा १६ सेंटीमीटर येतो. हे ४ मिलिमीटर पुठ्ठ्याच्या जाडीसाठी आहेत; दोन्ही सारखे केलेत तर झाकण बसतच नाही.

रेघेवर शाई संपलेला बॉलपेन पट्टीला लावून दाबून फिरवा, मगच दुमडा. न दाबता दुमडलेला जाड पुठ्ठा कोपऱ्यावर फाटतो. चारही कोपऱ्यांत एकेक काप, त्या पाकळ्या आतून फेव्हिकॉलने चिकटवा आणि दहा मिनिटं कपड्याच्या चिमट्यांनी धरून ठेवा. आत बेकिंग पेपरचा तुकडा घाला, नाहीतर तासाभरात पुठ्ठ्याला तुपाचे डाग पडतात. वर्तमानपत्राचा कागद नको, छपाईची शाई पदार्थाला लागते.

नानकटाई किमान तासभर गार झाल्यावरच भरा. कोमट भरली तर वाफ आत अडकून सगळ्या मऊ पडतात. घरासाठी स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, थरांमध्ये कागद. उन्हापासून दूर दोन-तीन आठवडे टिकते. पावसाळ्यात नरम पडली तर १४० अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवून पुन्हा ट्रेवरच गार करा.