जुन्या मर्सिडीजमधलं टेम्पोचं इंजिन: हा वाद आला कुठून

१९७६ च्या सुरुवातीला डब्ल्यू १२३ हे मॉडेल नंबर असलेली मर्सिडीज निघाली, म्हणजे २०२६ पासून त्यातल्या सगळ्यात जुन्या गाड्या एकेक करून ५० वर्षांच्या होणार आणि व्हिंटेज नोंदणीच्या दारात येऊन उभ्या राहणार. आणि नेमकं इथंच इंदूरात घरी गाड्या उभ्या करणाऱ्यांचं अडतं, कारण इथल्या कितीतरी १२३ आणि तिच्या आधीच्या ११५ गाड्यांमध्ये जर्मनीहून आलेलं इंजिन आता नाहीये, टेम्पोचं, म्हणजे बजाज टेम्पो कंपनीच्या गाडीचं आहे. ते का आहे हे नीट कळल्याशिवाय "ही गाडी ओरिजिनल नाही" असं म्हणणं सोपं आहे, पण माझ्या मते ते बरोबर नाही.

होळकरांच्या गाड्यांबद्दल इथं पुन्हा सांगत बसत नाही, इंदूरच्या माणसाला ते पाठच असतं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची, की ३० च्या दशकातली इंदूरची सगळ्यात गाजलेली गाडी, ती ड्यूसेनबर्ग, तिची चेसिस (खालचा सांगाडा) आणि इंजिन अमेरिकेतलं आणि बॉडी लंडनच्या कोचबिल्डरकडून करून घेतलेली. त्या काळात मोठी गाडी घ्यायची पद्धतच ती होती, कारखाना चेसिस द्यायचा आणि बॉडी मालक आपल्या पसंतीनं वेगळीकडून बनवून घ्यायचा. तेव्हा कंपनीतून निघाली तशीच ती ओरिजिनल हा हिशोब नंतरचा आहे, गाड्या एका साच्यात लाखांनी निघायला लागल्यावरचा.

संस्थान गेलं, १९७१ मध्ये तनखे गेले, बऱ्याच गाड्या विकल्या गेल्या, काही परदेशी पोचल्या. तो काळ सोडून पुढं येऊ.

६० ते ८० च्या दशकात परदेशी गाडी आणायची तर परवाना लागायचा आणि ड्युटी गाडीच्या किमतीच्या वर जायची. मग मर्सिडीज यायची कुठून? बहुतेक वकिलातींमधून. परदेशी अधिकारी आपली गाडी घेऊन यायचे आणि जाताना ती एका सरकारी व्यापारी महामंडळाला द्यावी लागायची, मग तिचा लिलाव व्हायचा. त्यातून गाड्या दिल्ली-मुंबईच्या व्यापाऱ्यांकडं, तिथून इंदूरच्या कापडवाल्यांकडं, डॉक्टरांकडं, कॉन्ट्रॅक्टरकडं. काही बाहेर नोकरी करून परत येणाऱ्यांनी सामानाबरोबर आणल्या. गाडी यायची पण तिच्यामागं ना शोरूम ना पार्ट, पुस्तकसुद्धा कधी कधी जर्मनमध्ये. पिस्टन-रिंग मागवायच्या तर मुंबईचा दलाल, महिनोन्महिने वाट, आणि आलेला पार्ट बसेलच याची खात्री नाही. लायनर इथं खराद (लेथ) मशीनवर बनायचे, बेअरिंग दुसऱ्याच कुठल्या गाडीचं घासून बसवायचे. पेट्रोलवालं २०० किंवा २३० मॉडेल असेल तर वर पेट्रोलचा खर्च वेगळा, डिझेल तेव्हा सरकारनंच स्वस्त ठेवलं होतं (पेट्रोलचे भाव २०१० ला मोकळे झाले, डिझेलचे २०१४ ला). जुन्या अमेरिकन इम्पाला गाडीमध्ये मॅटाडोर व्हॅनचं नाहीतर ट्रकचं डिझेल इंजिन टाकणं त्या काळात देशभर चालायचं ते याच कारणानं.

मर्सिडीजची गोष्ट मात्र इम्पालासारखी नाही आणि सगळा मुद्दा इथंच आहे.

मर्सिडीजचं ओएम ६१६ नावाचं चार सिलिंडरचं २.४ लिटर डिझेल इंजिन, जे १९७३ पासून २४० डी मध्ये, म्हणजे ११५ आणि पुढं १२३ च्या डिझेल मॉडेलमध्ये यायचं, तेच इंजिन भारतात लायसन्सवर बनायला लागलं आणि टेम्पोच्या गाड्यांमध्ये बसायला लागलं. ८० च्या दशकाच्या शेवटी टेम्पो ट्रॅव्हलर आली, तीसुद्धा मर्सिडीजच्याच व्हॅनवरून बेतलेली, आणि ती बनायची आपल्या पिथमपूरला, इंदूरपासून तासाभरावर. म्हणजे ज्या इंजिनाच्या एका हेड गॅस्केटसाठी आधी मुंबईला चकरा व्हायच्या त्याच डिझाइनच्या इंजिनाचे पिस्टन, वॉटर पंप, टायमिंग चेन इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दुकानात टांगलेलं दिसायला लागलं आणि तेही टेम्पोच्या भावात. अख्खं इंजिन हवं तर अॅक्सिडेंट झालेल्या ट्रॅव्हलरचं लोहामंडीत. इंदूर, देवास, महू या पट्ट्यात हे इंजिन डोळे मिटून उघडणारे मिस्त्री तयार झाले, कारण रोजचं काम तेच होतं. मग घरी उभी असलेली २४० डी कुणी कशाला मरू देईल?

काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं हेही सांगायला पाहिजे, नाहीतर लोकांना वाटतं क्रेननं उचललं आणि ठेवलं. व्हॅनमधलं इंजिन आणि कारमधलं इंजिन आतून एक असलं तरी बाहेरचा पसारा वेगळा. सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), माउंटिंगचे ब्रॅकेट, तेल ओढायची नळी हे सगळं जुन्या इंजिनावरून काढून नव्याला लावायचं. १२३ मध्ये डिझेल इंजिन किल्लीनं बंद होतं ते व्हॅक्यूमवर, आणि दारांची लॉकसुद्धा त्याच व्हॅक्यूमवर चालतात, त्यामुळं टेम्पोचा डिझेल पंप तसाच ठेवला की किल्ली काढली तरी इंजिन धडधडतच राहणार, म्हणून डॅशबोर्डखाली एक स्टॉप केबल. ज्यांनी चिकाटीनं जुन्या पंपाचा व्हॅक्यूमवाला भाग सांभाळून नव्या इंजिनावर घेतला त्यांची गाडी आजही किल्लीनं बंद होते, आणि असलं काम अंगणात चेनपुलीवर इंजिन टांगून केलेलं आहे, कुठल्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नाही. पाच गिअरचा बॉक्स टाकणं, आर-१२ गॅस मिळेनासा झाल्यावर एसीला दुसरा कॉम्प्रेसर बसवणं हे पुढचे बदल. पत्र्याचं काम वेगळंच, १२३ ला गंज धरतो तो जॅक लावायच्या जागी, चाकांच्या कमानीत आणि मागच्या काचेखाली, तिथं नुसती पुट्टी भरली की दोन पावसाळ्यात फुगते, पत्रा कापून नवा जोडल्याशिवाय इलाज नाही.

१९९५ ला पुण्यात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली, पण ती १२३ नंतरच्या १२४ मॉडेलची. १२३ वाल्यांची भिस्त टेम्पोवरच राहिली.

आता कायदा, आणि इथं थोडं सविस्तर जाऊ, कारण गोंधळ सगळा इथला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ मध्ये सुरुवातीला मालकाला बदल करायची वाट होती, आरटीओला कळवायचं, परवानगी घ्यायची आणि आरसी बुकात नोंद करून घ्यायची. ९० च्या दशकातल्या कितीतरी गाड्यांच्या बुकात इंजिन नंबर असा रीतसर बदललेला आहे, सही-शिक्क्यासकट. २००० मध्ये कलम बदललं. बनवणाऱ्यानं जे तपशील दिले त्यांच्याशी नोंदणीतले तपशील जुळत नाहीत असा बदल मालकानं करायचाच नाही, असं झालं. सीएनजी, एलपीजी, बॅटरी वगैरेच्या किटला सूट राहिली. इंजिनाबद्दल एक वेगळी सवलत आहे, तीही १० किंवा जास्त ट्रान्सपोर्ट गाड्या असणाऱ्याला, आणि अट काय तर इंजिन त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या प्रकरणात हे कलम कडक वाचलं आणि खालचा निकाल फिरवला, त्यानंतर आरटीओत इंजिनाची गोष्ट काढली की आधी तोंडं बारीक होतात.

आता सांगा, ओएम ६१६ च्या जागी ओएम ६१६ बसवलं तर ते त्याच मेकचं की नाही? एक बाजू म्हणते मेक म्हणजे बनवणारा, ब्लॉकवर नाव दुसऱ्या कारखान्याचं आहे, प्रश्न संपला. दुसरी बाजू म्हणते ड्रॉइंग मर्सिडीजचं, लायसन्स मर्सिडीजचं, बोअर-स्ट्रोक तेच, इंधन तेच, मग गाडीचं मूळ स्वरूप बदललं कुठं? कलमाच्या स्पष्टीकरणातच अल्टरेशन म्हणजे रचनेत असा बदल ज्यानं गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलतं असं म्हटलंय. मला दुसरी बाजू पटते, निदान २४० डी पुरती तरी. पेट्रोलची २३० डिझेलवर आणली असेल तर तिथं मूळ वैशिष्ट्य बदललं हे मान्य करायला हवं, तरी २००० च्या आधी परवानगीनं झालेला बदल आज गुन्हा धरणं अन्यायच आहे. दोन्ही प्रकार एका तराजूत टाकतात त्यामुळं चांगल्या गाड्याही संशयात येतात.

जुलै २०२१ चा व्हिंटेजचा नियम याच्यावर आणखी एक थर. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, धंद्याला न वापरलेली, मूळ स्वरूपात असलेली गाडी व्हिंटेज, आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यात मोठा फेरफार झालेला चालणार नाही. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंबरात व्हीए ही अक्षरं, पण गाडी रोज चालवायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला नाहीतर दुरुस्तीला न्यायला एवढंच. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर राजवाड्यातल्या गाड्या असाव्यात, ज्यांना इंजिन बदलायची वेळच आली नाही कारण त्या चालल्याच कमी. जी गाडी ४० वर्षं घरच्या लोकांनी रस्त्यावर ठेवली, लग्नांना नेली, भोपाळ-उज्जैन केलं, तिला हा नियम बाहेर बसवतो. २०२५ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्या बाहेरून आणायचीही मोकळीक झाली, म्हणजे युरोपातल्या गॅरेजमधली २४० डी इथं येऊन व्हिंटेज होऊ शकेल आणि इंदूरच्या सुदामा नगरातली नाही. पिथमपूरलाच ११.३ किलोमीटरचा टेस्ट ट्रॅक २०२१ ला सुरू झाला, इंजिन तपासायची सगळी यंत्रणा इथं जवळ आहे, फक्त एका मालकाची एक जुनी गाडी तपासून तिला रास्त दाखला मिळावा अशी साधी वाट नियमात करून ठेवलेली नाही.

दरम्यान दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यापासून तिकडच्या १२३ आणि १२४ एनओसी घेऊन बाहेर पडल्या आणि त्यातल्या काही माळव्यात आल्या. त्यांची कागदपत्रं बघताना आरसीतला इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर पहिल्यांदा जुळवतात, रंग आणि सीटकव्हर नंतर. जुळत नसला तर भाव लगेच खाली येतो, मग आतलं काम कितीही स्वच्छ असो.

ज्यांना व्हिंटेजचा रस्ता बंद आहे त्यांच्याकडं साधं नूतनीकरण उरतं, दर ५ वर्षांनी फिटनेस आणि नवी नोंदणी. एप्रिल २०२२ पासून त्याची फी देशी कारला ६०० वरून ५,००० आणि इम्पोर्टेडला १५,००० वरून ४०,००० झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या इम्पोर्टेड गाडीला ८०,०००. इंजिन बदलाच्या जुन्या परवानगीचा कागद ज्यांच्याकडं असेल त्यांनी तो आरसीबरोबर लॅमिनेट करून ठेवावा आणि आरटीओच्या जुन्या रजिस्टरमधल्या नोंदीची सर्टिफाइड प्रत आत्ताच काढून घ्यावी.